खाणीनंतरचे गाव



साहित्याच्या व्यासपीठावर खाणीचा विषय कशाला, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याला माझ्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले आत्ताच देतो. खाणींनी गावाचे काय होते हे गोव्यात आयोगांनी आणि न्यायालयांनी सांगण्याच्या कितीतरी आधी एका कादंबरीने सांगितले. आपल्याच तालुक्यातील वळवईचे पुंडलिक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. शेतीवर जगणारे एक गाव खाण आल्यावर आतून कसे उसवत जाते, हा तिचा विषय. तेव्हा हा विषय साहित्याला परका नाही. दुसरे उत्तर मी शेवटासाठी राखून ठेवतो, कारण त्यात या मंडळासाठी एक काम आहे.

‘अच्छेव’मध्ये खाण येते. आज मला बोलायचे आहे ते खाण गेल्यानंतरच्या गावाबद्दल. ओसाड पडलेल्या खाणजमिनीचे काय करायचे, असे कोणालाही विचारले तर उत्तर तयार असते: झाडे लावा, उद्यान करा, खंदकातल्या पाण्यात बोटी सोडा, पर्यटक येतील. या उत्तरात वाईट काही नाही. पण ते तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्याआधीचे प्रश्न असे, की खाण संपली हे कोणी ठरवायचे, तिथले पाणी कोणाचे, आणि जमीन परत कोणाच्या हाती जायची? हे सुटल्याशिवाय केलेले उद्यान पाहुण्यांचे होते, गावाचे होत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे. पुढचे सारे त्याचा खुलासा आहे.

फोंड्याच्या श्रोत्यांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. आपल्या घरातला नळ ओपाच्या प्रकल्पातून येतो आणि ओपाला पाणी मिळते खांडेपार नदीचे. पावसाळा लांबला, नदी आटू लागली, की खाणींच्या खंदकांत साठलेले पाणी उपसून नदीत सोडायचे, हा उपाय सरकारने वापरला आहे. म्हणजे बंद खाणीचे पाणी आपण प्यायलेलो आहोत. दुसरे असे, की नवी भूमी घडवणे म्हणजे काय हे अंत्रुज महालाइतके कोणाला ठाऊक असणार? सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. देव आले, त्यांच्यामागून माणसे आली. मग तळी खोदली गेली, पाट काढले गेले, कुळागरे वाढली. आज आपण ज्याला फोंड्याचा निसर्ग म्हणतो, त्यातला मोठा भाग माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या राबून केलेला आहे. तो टिकला, कारण त्या तळीचा, त्या पाटाचा आणि त्या बांधाचा कोणीतरी धनी होता, आणि त्याची डागडुजी करणे त्याच्या रोजच्या जगण्यात बसत होते. ही गोष्ट पुढच्या विवेचनात लक्षात ठेवावी.

आता खाणपट्ट्यात नेमके काय उरले आहे ते पाहू. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे असा हा पट्टा पसरला आहे. पोर्तुगीज सरकारने १९०६ च्या कायद्याखाली खाणींच्या सवलती दिल्या. निर्यातीने जोर धरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. प्रथम जपान हे मोठे गिऱ्हाईक होते, नव्या शतकात चीन आला. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. गोव्यात एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून परदेशी गेले. माती मात्र इथेच राहिली. आपले लोक तिला डंप म्हणतात. डिचोलीहून साखळीच्या दिशेने जाताना ज्या टेकड्या दिसतात, त्यांतल्या कित्येक मुळात टेकड्या नाहीतच.

डंप ही वर आलेली बाजू, खंदक ही खाली गेलेली. आपले खनिज भूजलाच्या पातळीखाली उतरलेले असल्यामुळे खोदताना सतत पाणी उपसावे लागते. काही खंदक तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. खाण चालू असते तोवर पंप चालू असतात आणि शेजारच्या विहिरींचे पाणी खंदकाकडे ओढले जाते. शिरगावच्या लोकांनी विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत नेली, ती यामुळेच. खाण थांबली, पंप थांबले, की खंदक भरू लागतो आणि एक खोल, हिरवट निळे तळे तयार होते. ते पाहायला सुंदर असते, पण त्याचे काठ तासलेले, भुसभुशीत आणि उभे असतात.

यात आपल्या पावसाची भर. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही चार महिन्यांत. उघड्या डंपावरून वाहणारे पाणी लाल गाळ घेऊन व्हाळात उतरते, व्हाळातून शेतात आणि शेतातून नदीत जाते. इतर देशांत खाणीच्या पाण्याची मोठी चिंता असते ती आम्लाची; आपल्याकडची मुख्य चिंता गाळाची आहे. भाताच्या खाचरात हा बारीक गाळ बसला, की वाळून त्याची कडक पापडी होते. मग सरद घेता येत नाही आणि वायंगणही घेता येत नाही. म्हणून डंपावरची झाडे किती हिरवी दिसतात, यावरून खाणजमिनीची तब्येत ओळखू नये. खालच्या शेतात पावसाळ्यात येणारे पाणी कसल्या रंगाचे आहे ते पाहावे.

आता पहिला प्रश्न: खाण संपली, हे कोण ठरवते?

गेल्या बारा-तेरा वर्षांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तारखांवरून भरभर जातो. शहा आयोगाचा अहवाल आल्यावर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा आली आणि खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश झाला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि त्या मार्चमध्ये खाणी पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव झाले, आणि २०२४ पासून डिचोलीत पुन्हा खनिज निघू लागले.

या साऱ्या घटनाक्रमात खाणी थांबल्या, बंद पडल्या, रद्द झाल्या. ‘संपल्या’ मात्र फार थोड्या. थांबणे आणि संपणे यांत मोठा फरक आहे. थांबलेल्या खाणीत काहीच करता येत नाही, कारण उद्या ती पुन्हा सुरू होईल. खंदक बुजवता येत नाही, काठ उतरते करता येत नाहीत, शेत पुन्हा बांधता येत नाही. ते गाव वाट पाहत बसते, आणि अशा वाट पाहण्यात एक पिढी शेती विसरून जाते.

कायदा याबाबतीत अगदीच मुका नाही. २००३ साली केंद्राच्या खनिज नियमांत दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा सक्तीचा झाला: एक चालू असतानाचा टप्प्याटप्प्याचा, एक अखेरचा. आराखडा पाळला नाही तर जप्त करता यावी म्हणून हमीची रक्कमही ठरली. मोठ्या वर्गातील खाणीसाठी, वापरात आलेल्या दर हेक्टरी २५ हजार रुपये. २०१७ मध्ये ती तीन लाख झाली, २०२१ मध्ये पाच लाख. आपण गोव्याचे लोक जमिनीचा भाव चौरस मीटरने बोलतो, तेव्हा त्याच मापात सांगतो. २००३ ची हमी होती चौरस मीटरला अडीच रुपये, आणि आजची आहे पन्नास रुपये. ही दुरुस्तीच्या खर्चाची मर्यादा नव्हे, केवळ हमी आहे, हे खरे. पण काम टाळणे महाग पडावे हा हमीचा हेतू असतो. आज फोंड्यात पन्नास रुपयांत चौरस मीटरभर अंगणाला चिरे तरी बसतील का, याचा विचार आपणच करावा.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवले पाहिजे. चारा, वनस्पती आणि प्राणी यांना ती जमीन योग्य झाली पाहिजे, अशी अट सर्व खाणपट्ट्यांना घालण्याचा आदेश झाला. मला या आदेशाचे मोल वाटते ते त्यातल्या ‘चारा’ या शब्दासाठी. त्या शब्दात गुरे आहेत, गुरे राखणारा आहे, म्हणजे गाव आहे. शोभेच्या बागेसाठी कोणी चाऱ्याची अट घालत नाही.

तरीही दोन फटी राहतात. पहिली फट डंपांची. कित्येक डंप भाडेपट्ट्याच्या हद्दीबाहेर, दुसऱ्यांच्या जमिनीवर उभे आहेत. हद्दीबाहेर माती टाकणे कायद्यात बसत नाही, हे २०१४ च्या निकालाने स्पष्ट केले. पण तोवर डंप उभे राहिले होते. बंद करण्याचा आराखडा असतो भाडेपट्ट्याचा. मग बाहेरचा डंप कोणी सावरायचा? दुसरी फट बाजारभावाची. चीनची मागणी वाढली तेव्हा एरवी टाकाऊ ठरलेले हलक्या प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले आणि डंपालाच किंमत आली. ज्या डंपावर वीस वर्षे झाडे वाढली, तोही उद्या खोदला जाऊ शकतो. ज्या मातीला भाव आहे, तिच्यावर लावलेल्या झाडाला भवितव्य नाही. म्हणून डंपांचे दोन याद्यांत वाटप झाले पाहिजे, असे मला वाटते. जे हलवायचे ते ठरावीक मुदतीत हलवावेत, आणि त्यांच्या खालची जमीन शेतीयोग्य करून मूळ धन्याला देणे ही विक्रीची अट असावी. जे ठेवायचे ते कायमचे ठेवावेत आणि त्यांना पुन्हा हात लावू नये.

आता झालेल्या कामाकडे वळू. जवळचे उदाहरण साखळीचे. तिथल्या खाणीतले खनिज संपत आल्यावर सेसा गोवा कंपनीने नव्वदच्या दशकात ती जमीन सावरायला घेतली. डंपांना पायऱ्या पाडल्या, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू आणि काजू लावले, खंदकांत पाणी राखून मासे पाळले. पुढे बांबू, औषधी वनस्पती, फुलपाखरांची बाग झाली. त्याच परिसरात तांत्रिक शाळा आली, फुटबॉलची अकादमी आली. उघडी लाल माती जिथे होती, तिथे आज दाट सावली आहे. मोकळेपणाने दाद द्यावी असे हे काम आहे.

पण त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढते, माती धरून ठेवते, पण तिच्याखाली आपल्याकडची झाडे सहजी उगवत नाहीत. ती पहिल्या दहा वर्षांची पाहुणी म्हणून ठीक. तिच्या आडोशाला ऐन, किंदळ, जांभूळ, करंज, भिरंड यांना जागा करून द्यावी लागते आणि मग तिला निरोप द्यावा लागतो. ऐन म्हणजे आपली माट्टी, राज्याचा वृक्ष. तिच्याशिवाय गोव्याचे रान कसले? दुसरी गोष्ट, हे काम शक्य झाले ते खनिज खरोखरच संपले होते म्हणून. तिथे ‘संपली’ हा शब्द उच्चारता आला.

सुरूवरून केनियातले एक काम आठवते. मोंबासाजवळ बांबुरी येथे सिमेंटसाठी चुनखडी काढून ओसाड झालेल्या जमिनीवर रेने हालर या कृषितज्ज्ञाने १९७१ साली झाडे लावायला सुरुवात केली. अनेक जाती लावल्या, मोजक्याच तगल्या. त्यांत सुरू होता. सुरूची सुईसारखी पाने खाली पडत, पण कुजत नसत. मग त्याने तिथे वाणी किडे आणून सोडले, तेच जे स्पर्श झाल्यावर पैशासारखे गोल होतात. त्यांनी ती पाने खाल्ली, त्यांच्या लेंड्यांची माती झाली, आणि त्या मातीत पुढे रान उभे राहिले. मातीला घाई चालत नाही. पाच वर्षांच्या योजनेत झाडांची संख्या मोजता येते, माती मोजता येत नाही.

खाणजमिनीचा प्रश्न एका खाणीपुरता न पाहता अख्ख्या प्रदेशाचा म्हणून पाहण्याचे मोठे प्रयोग जर्मनीत झाले. रूर भागात १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षे एम्शर नदीच्या खोऱ्यात हे काम चालले. डुइसबुर्ग येथील लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद पडला होता. पीटर लाट्झ या रचनाकाराने भट्ट्या पाडल्या नाहीत, त्यांच्याभोवतीच उद्यान रचले. १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. तिथले जुने कामगार नातवंडांना हात धरून नेतात आणि आपण कुठे उभे राहून काम करत होतो ते दाखवू शकतात. आपल्याकडे निदान एक जेटी, एक बार्ज असे जपून ठेवायला काय हरकत आहे? खाणीवर राबलेल्या, ट्रक चालवलेल्या, बार्जवर वल्ली-पावसात राहिलेल्या माणसांचे श्रम हाही गोव्याचा इतिहास आहे.

मात्र गोव्याला अधिक जवळचे उदाहरण आहे पूर्व जर्मनीतल्या लाउसित्झचे. तिथे कोळशाच्या उघड्या खाणी होत्या. १९९० नंतर त्यांतल्या बहुतेक बंद झाल्या आणि सरकारी कंपनीने खंदकांत पाणी भरून सरोवरांची मालिका तयार करायला घेतली. काही सरोवरे कालव्यांनी जोडली. २००० ते २०१० या काळात त्या साऱ्या प्रदेशाच्या रचनेचा एकत्र विचार झाला. त्या भागात सोर्ब हा स्लाव भाषा बोलणारा छोटा समाज राहतो. कोळशासाठी शंभराहून अधिक गावे उठली, त्यांत त्यांचीही होती. आज तिथल्या पाट्या जर्मन आणि सोर्ब अशा दोन भाषांत दिसतात, पण उठलेली गावे पाटीने परत येत नाहीत. धोक्याचीही एक गोष्ट जर्मनीतच घडली. १८ जुलै २००९ रोजी नाख्टरश्टेट गावी जुन्या खाणीत भरत आणलेल्या सरोवराचा काठ ढासळला, घरे पाण्यात गेली आणि तीन माणसे मेली. तिथेही पर्यटनाची स्वप्ने होती. खंदकात बोट सोडण्याआधी काठ किती पक्के आहेत हे पाहायचे असते, ते यासाठी.

आपल्या मराठी मुलखातलेही एक उदाहरण द्यायला हवे. मुंबईत माहीमच्या खाडीकाठी कचऱ्याचा डोंगर होता. तिथे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली खुले झाले. धारावीला लागून असलेली ती हिरवळ पाहिली, की खराब केलेली जमीन सुधारू शकते यावर विश्वास बसतो. पण तिथे शेत नव्हते, देऊळ नव्हते, कोणाची कुळागरे नव्हती. आपल्याकडे ती आहेत. म्हणून आपला मार्ग वेगळा.

तो कसा असावा, हे एका टापूवरून सांगतो. सात बहिणींची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया. पेडण्यातल्या मोरजीची मोरजाय हीही त्यांच्यातलीच. यांतल्या पहिल्या तिघी डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यात आहेत आणि त्यांची गावे एकमेकांना लागून आहेत. सरकारी नकाशावर तिथे खनिज ब्लॉकांचे क्रमांक आहेत. लोकांच्या मनात तिथे तीन बहिणींची घरे आहेत. घरे, देवळे आणि शेते भाडेपट्ट्याच्या हद्दीतून वगळा, ही मुळगावच्या ग्रामस्थांची मागणी ऐकताना या दोन नकाशांचे भांडण मला ऐकू येते.

या तीन गावांचा एकत्र विचार केला, तर कामाचा क्रम आपोआप सुचतो. पहिले पाणी. कोणता खंदक राखायचा, कोणता डंपाच्या मातीने भरायचा, हे गावाच्या विहिरी आणि झरी पाहून ठरावे. राखलेल्या खंदकाचे काठ उतरते करावेत, त्याचे पाणी तपासून पाटाने शेताला द्यावे, आणि ते वाटण्याचा अधिकार गावाकडे असावा. शिरगावात धोंडांचे व्रत आणि स्नान हा जत्रेचाच भाग आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या सुमारास गावाच्या पाण्यात पाणी असणे ही तिथे धर्माची गोष्ट आहे. दुसरे शेत. डंपाच्या पायथ्याला चिऱ्यांची भिंत, तिच्या आत चर, गाळ बसायला तळी, आणि मग शेतातला गाळ काढून बांध व मेरा नव्याने घालणे. तिसरा डोंगर: वाळा, काथ्याच्या जाळ्या, मग झुडपे, मग रान. आणि चौथे उद्यान. मयेचे तळे पर्यटकांना आधीच माहीत आहे. तिथून निघालेली पायवाट शेतांच्या कडेने, राखलेल्या खंदकाच्या काठाने तिन्ही देवळांपर्यंत गेली, तर त्या उद्यानाला वेगळे तिकीटघर लागणार नाही.

जमीन कोणाच्या हाती, हा प्रश्न मयेने फार भोगला आहे. परागंदा जमीनदाराची मालमत्ता म्हणून गावची जमीन अडकून पडली होती. तिच्यासाठी २०१४ साली वेगळा कायदा करावा लागला. खाणजमिनीवर जमीनमालक, कूळ, गावकरी, देवस्थान, वनखाते, भाडेपट्टाधारक असे अनेक हक्क एकावर एक बसलेले असतात. सावरलेली जमीन यांपैकी कोणाकडे आणि कोणत्या अटीवर जाईल, हे बंद करण्याच्या आराखड्यातच लिहिलेले हवे. ते लिहिताना ग्रामसभेला विचारले गेले पाहिजे, नुसते वाचून दाखवून चालणार नाही.

पेडण्याबद्दल एक इशारा. तिथे लोहखनिजापेक्षा चिरेखाणींचा प्रश्न मोठा. सड्यावरचे चिरे काढून झाल्यावर चौकोनी खड्डे तसेच राहतात आणि पावसात भरतात. त्यांना कुंपण घालणे, उतार करणे, पाणी साठवायला वापरणे हे सारे करावे. पण न खोदलेला सडा ही ओसाड जमीन नव्हे. उन्हाळ्यात करपलेला तो कातळ पावसाळ्यात इवल्या फुलांनी भरतो, किडे खाणाऱ्या वनस्पतीही तिथे उगवतात. हिरवळीच्या नावाखाली त्यावर माती आणून झाडे लावणे म्हणजे चांगले असलेले मोडणे होय.

आता आक्षेप. आपल्यापैकी अनेकांच्या घरात खाणीचा पैसा आला आहे. ट्रक, बार्ज, गॅरेज, कँटीन, कारकुनी यांवर मुले शिकली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते आणि गावोगाव शाळा नेण्याचे श्रेय आपण त्यांनाच देतो. तेव्हा खाणीला नुसते दूषण देणे मला जमणार नाही. पण ज्या जमिनीने दोन पिढ्या पोसल्या, तिची तिसऱ्या पिढीने निगा राखावी, हा साधा गृहस्थधर्म आहे. गाय भाकड झाली म्हणून आपण तिला दावे सोडून रस्त्यावर हाकलत नाही. दुसरा आक्षेप असा, की खाणी पुन्हा सुरू झाल्यावर हे बोलून काय उपयोग? उलट, हीच वेळ आहे. वरची सुपीक माती वेगळी राखायची तर ती खोदतानाच राखावी लागते. काठाचा उतार खोदतानाच ठरतो. जिल्हा खनिज निधी आणि कायम निधी यांत पैसा येतो तोही खाण चालू असतानाच.

आता राखून ठेवलेले दुसरे उत्तर. जमीन पूर्ववत करा, असे सगळेच म्हणतात. पण पूर्ववत म्हणजे कशी? डोंगर किती उंच होता हे जुन्या नकाशात सापडेल. पण झर कुठे फुटत होती, कोणत्या महिन्यापर्यंत टिकत होती, वायंगणाला पाणी कोणत्या व्हाळाचे, मोरड कुठे संपून खाजन कुठे सुरू होत होते, गुरे कोणत्या वाटेने वर जात, कोणत्या दगडाला राखणदार मानून नारळ ठेवत, हे सारे कोणत्याही आराखड्यात नाही. ते गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजीच्या बोलण्यात आहे. प्रत्येक शेताला नाव होते, प्रत्येक झरीला नाव होते. त्यांतली कित्येक ठिकाणे आता डंपाखाली आहेत, पण नावे अजून काही माणसांच्या तोंडी आहेत. ती माणसे गेली, की जमीन पूर्ववत करण्याचा पुरावाही जाईल.

हे काम अभियंत्यांना जमणार नाही. भाषा जाणणाऱ्यांचे, ऐकून लिहून घेणाऱ्यांचे हे काम आहे. म्हणजे आपले आहे. मंडळाने शिरगाव, मुळगाव, मये या तीन गावांपासून सुरुवात करावी. चार-पाच तरुण सभासद, एक वही, ध्वनिमुद्रणाला मोबाइल, आणि गावातली जाणती माणसे. शेतांची, झरींची, व्हाळांची, वाटांची नावे आणि त्यांचा ठावठिकाणा लिहून घ्यावा आणि त्याची एक पुस्तिका छापावी. तिच्या प्रती ग्रामपंचायतीत ठेवाव्यात, खाण खात्याला द्याव्यात, आणि पुढच्या ग्रामसभेत आराखडा येईल तेव्हा ती पुस्तिका त्याच्या शेजारी टेबलावर असावी. साहित्यिक मंडळाने छापलेले ते बहुधा सर्वांत कमी साहित्यिक पुस्तक ठरेल. पण उद्या एखाद्या खंदकाच्या काठी पाटी लागेल, तेव्हा तिच्यावर ब्लॉकचा क्रमांक लिहायचा की झरीचे नाव, हे त्या पुस्तिकेवरून ठरेल.